हाताने बांधलेले पाणी

मागच्या हिवाळ्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका जुन्या तलावाच्या पाळीवर सकाळच्या वेळी उभा होतो. धुके नुकतेच वर सरकू लागले होते आणि पाण्याच्या मधोमध थापट्या, शेपटी बदके आणि वारकरी या पाणपक्ष्यांचा मोठा जमाव तरंगत होता. माझ्यासारखीच नागपूरहून पहाटे निघून आलेली पक्षीनिरीक्षकांची एक चमू तिथे आधीच पोहोचली होती, ट्रायपॉड मांडले होते आणि सगळे दबक्या आवाजात बोलत होते. तेवढ्यात पलीकडच्या काठाकडून एक म्हातारा ढिवर डोंगा घेऊन निघाला. रात्री लावलेले जाळे काढायला जात असावा. चमूतील एका तरुणाने पाळीवरूनच हाक दिली, "काका, डोंगा जरा तिकडून न्या ना, पाखरे उडून जातील." म्हाताऱ्याने वल्हे पाण्यात टेकवून डोंगा थांबवला, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "पाखरं डोंग्याले भेत नाई बाबू, नव्या मानसाले भेतेत." मग तो आपल्या नेहमीच्या वाटेने पुढे गेला. बदकांनी त्याला लागेल तेवढी वाट करून दिली, आणि डोंगा पुढे सरकल्यावर ती पुन्हा पूर्वीच्या जागी आली. एकही पक्षी उडाला नाही.

त्या तरुणाचा हेतू वाईट नव्हता. पक्ष्यांना त्रास होऊ नये, हीच त्याची कळकळ होती आणि तीच माझीही आहे. तरीही परतीच्या वाटेवर साकोली मागे पडले, भंडारा आले, तरी ते बोलणे डोक्यात फिरत राहिले. ज्याच्या आज्या-पणज्यांनी त्या पाण्यावर जाळी टाकली, शिंगाडा लावला, काठ साफ ठेवला, त्याला आपण शहरातून येऊन पाण्यावरून बाजूला व्हायला सांगतो, कारण आपल्या मनात पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणजे माणूस नसलेली जागा, असे चित्र पक्के बसलेले असते. पूर्व विदर्भातील तलावांना हे चित्र लागू पडत नाही. तिथे आधी माणूस आला, मग पाणी आले आणि पाण्यामागून पक्षी आले. हा क्रम विसरला, की पुढचे सगळे निर्णय चुकत जातात, असे मला वाटते.

माझे आजोळ साकोलीकडचे. मामांच्या घराच्या मागे धानाच्या बांध्या होत्या आणि बांध्यांच्या वरच्या अंगाला गावतलावाची पाळ. भाद्रपदात पावसाने उघडीप दिली आणि धान पोटरीवर आले, की सगळ्या गावाचे डोळे तलावाकडे लागत. पाणी सोडण्याचे तुडूम पाळीच्या पोटात बांधलेले होते. दगडी बांधकामात एकाखाली एक अशी भोके आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. पाणी सोडायचे म्हणजे सर्वांत वरचा खुंटा काढायचा, आणि पातळी उतरली की त्याच्या खालचा. तळाचा खुंटा सहसा काढत नसत. हे काम करणारा माणूस ठरलेला असे. तो अंगावरचे कपडे पाळीवर ठेवून पाण्यात उतरायचा, एका हाताने दगड धरायचा आणि दुसऱ्या हाताने खुंटा डावीकडे-उजवीकडे हलवत सैल करायचा. खुंट्याला गुंडाळलेल्या चिंध्या शेवाळाने हिरव्या झालेल्या असत. तो निघाला, की आतून घशातून यावा तसा एक आवाज येई आणि पाळीच्या दुसऱ्या बाजूला पाटात गढूळ पाण्याची जीभ दिसू लागे. आम्ही मुले त्या जिभेच्या पुढे पुढे पळत बांध्यांपर्यंत जायचो. पाण्याबरोबर लहान मासे आणि झिंगे वाहत येत, आणि ते टिपायला बगळे आमच्या आधीच बांधावर येऊन उभे असत. आज आठवताना वाटते, की त्या माणसाच्या हालचालींवर आमच्यापेक्षा बगळ्यांचेच लक्ष अधिक बारीक होते.

पाणी किती सोडायचे आणि किती राखायचे, हा सारा खेळ त्या खुंट्यांचा होता.

मालगुजारी तलावाचे, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातील तलावाचे, वर्ष आणि पक्ष्यांचे वर्ष एकमेकांत कसे बसलेले आहे, ते नीट पाहिले तर थक्क व्हायला होते. हे तलाव खोल नाहीत. हलक्या उताराच्या जमिनीवर आडवी मातीची पाळ घातली, की मागे पाणी पसरते, आणि पसरते ते उथळ. आषाढ-श्रावणात वरच्या जंगलातून येणाऱ्या पाण्याने तलाव भरतो, जास्तीचे पाणी सलंगावरून खाली उतरून पुढच्या तलावाला मिळते. आश्विनात धानाला पाणी सुटते आणि पातळी उतरू लागते. कार्तिक लागेपर्यंत तलावाचा काठ मागे सरकलेला असतो आणि चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. नेमक्या याच दिवसांत हिमालयापलीकडून स्थलांतरित पक्षी उतरायला लागतात. तुतवार आणि चिखल्यांसारख्या लहान पायांच्या पाणपक्ष्यांना तो ओला पट्टा हवा असतो, शेकाट्यांना घोटाभर पाणी लागते, थापट्या चोच पाण्यात बुडवून गाळता येईल अशी उथळ जागा शोधतात, आणि शेंडीबदके, लालसरी ही बुडी मारणारी मंडळी पाळीजवळच्या खोल पाण्यात राहतात. वर्षभर एकाच पातळीला भरलेल्या जलाशयावर एवढी विविधता दिसत नाही, कारण तिथे काठ हलत नाही. आपल्या तलावांचा काठ माघापर्यंत रोज थोडा थोडा मागे जातो आणि रोज नवा चिखल पक्ष्यांसाठी उघडा करतो. हे कोणी पक्ष्यांसाठी केलेले नव्हते, धानासाठी केलेले होते, पण पक्ष्यांना ते लागू पडले आणि दोन-अडीचशे वर्षांत ती जणू परस्परांची सवय झाली.

हे तलाव बांधले ते प्रामुख्याने कोहळी समाजाने. चांद्याच्या गोंड राजाने फर्मान काढले, की जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन मिळेल, आणि मग तलाव बांधण्याची जणू चढाओढ लागली, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून जवळपास सात हजार मालगुजारी तलाव मोजले जातात. लेव्हल घेण्याची यंत्रे नसताना, पावसाचे पाणी कुठून कुठे धावते हे पायी हिंडून आणि डोळ्यांनी ताडून त्या माणसांनी पाळीची जागा ठरवली. त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे नवेगाव बांध. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बांधून ते पाणी अडवले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तो विस्तार पाळीवरून पाहताना समोरचे डोंगर पाण्यातून वर आल्यासारखे वाटतात. कोलू पाटलांना गावाने पुढे देवपण दिले. कोलासुर म्हणून त्यांची पूजा होते. धरण बांधणाऱ्या माणसाला देव मानणारा समाज त्या धरणाकडे कसा पाहत असेल, याचा विचार मी पाळीवर पुष्कळदा करतो. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, तिथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव मिळाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. या सगळ्या पाट्या आवश्यक होत्या आणि त्यांनी जंगल राखले, हे मी मनापासून मानतो. पण तलावाच्या वयाच्या मानाने त्या सगळ्या कालच्या आहेत.

कोहळ्यांनी पाणी अडवले आणि ढिवरांनी ते वापरात ठेवले. मासे, शिंगाडा, कमळाचे कंद, उन्हाळ्यात काठची माती, असे त्या पाण्याचे किती तरी उपयोग. शिंगाड्याचा वेल पावसाळ्यात पाण्यावर पसरतो आणि त्याच्या पानांचे गुच्छ एकमेकांना लागून हिरवी जमीन झाल्यासारखी दिसू लागते. त्या पानांवर कमळपक्षी घरटे करतो. घरटे म्हणजे काय, तर पाण्यातील काड्या-पानांचा जेमतेम ओला ढीग, त्यावर चार अंडी, तकतकीत, तांब्याच्या जुन्या भांड्यासारख्या रंगाची. एका भाद्रपदात शिंगाड्याच्या वाडीच्या कडेला बसून मी ते पाहिले आहे. मादी अंडी घालून निघून जाते, दुसऱ्या नराकडे, आणि अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे सगळे नराच्या वाट्याला येते. तो नर घरट्यावर बसताना पंख थोडे खाली घेऊन अंडी पोटाशी ओढून घेत होता, म्हणजे खालच्या ओल्यापासून ती उचलली जावीत. पाणी चढले, तर तो अंडी दुसऱ्या जागी हलवतो. पलीकडे एक बाई डोंग्यात ओणवी होऊन वेलाची दाटी विरळ करत होती. ती घरट्याच्या हातभर अंतरावरून गेली आणि तेवढा भाग न छेडता पुढे सरकली. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, की पाखरू बसते तिथला वेल मागून काढायचा, एवढेच. यात मोठे काही केले, असे तिला वाटतच नव्हते.

हे सगळे गोडच आहे, असे मात्र नाही. आता सुताऐवजी नायलॉनची बारीक, न दिसणारी जाळी आली आहेत, आणि त्यांत टिबुकल्या आणि पाणकावळे अडकून बुडतात. रात्री फासे लावून बदके धरली जातात आणि खाल्लीही जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ती कागदावर ताबडतोब आणि काठावर हळूहळू. तलावाकाठच्या माणसाचे गोडवे गाताना हे झाकून ठेवले, तर तो त्याचाच अपमान होईल, कारण त्याला आपण खरा माणूस न मानता चित्रातला माणूस मानले, असा त्याचा अर्थ होईल.

नागपुरात वाढलेल्या आमच्या पिढीला पाणपक्षी प्रथम दिसले ते अंबाझरीवर, फुटाळ्यावर आणि गोरेवाड्यावर. तिन्ही तलाव बांधलेले. अंबाझरीचे पाणी १८७० च्या सुमारास शहराला मिळू लागले, गोरेवाडा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याच कामासाठी आला, आणि फुटाळा त्याहून जुना, भोसल्यांच्या काळातला. अंबाझरीच्या पाळीवर सकाळी फिरायला गेले, की एका बाजूला शहराचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला वारकऱ्यांचे डोके हलवत चालणारे काळे थवे, हे लहानपणी आम्हाला इतके नेहमीचे होते, की त्याचे अप्रूप वाटायला बाहेरगावचा पाहुणा यावा लागे. अलीकडे तिथे सांडपाणी पोहोचले आणि जलपर्णीचे हिरवे जाजम पसरले. जाजमाखाली प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि मोकळे पाणी हवे असणारी बदके पाठ फिरवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहराला आठवले, की हा तलाव आहे, त्याला पाळ आहे, सलंग आहे आणि खाली नाग नदीची वाट आहे.

फुटाळ्याची गोष्ट मनाला अधिक लागली. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांत नदीचे पात्र, भातशेती, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा मनोरंजनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. फुटाळ्यावरील बांधकामांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये निकाल आला, की फुटाळा मानवनिर्मित असल्यामुळे या नियमांच्या अर्थाने पाणथळ ठरत नाही. त्याच निकालात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू असल्याचे न्यायालयाने म्हटले, याचा आधार वाटतो. न्यायालयाने नियम जसा आहे तसा वाचला. माझे दुःख नियमाविषयी आहे. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळाची व्याख्या करताना नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद न करता दोन्ही प्रकारचे पाणी त्यात धरले होते. आपण मात्र सिंचनाचे तलाव वगळले. मग विदर्भात उरले काय? इथे तर धानासाठी बांधलेले तलाव आणि धानाच्या बांध्या हेच पाणथळ आहे. सारस पक्षी घरटे करतो ते बांधीत, कमळपक्षी शिंगाड्यावर, बदके उतरतात मालगुजारी तलावात. माणसाने बांधले म्हणून ते पाणी व्याख्येत बसत नाही, आणि माणूस तिथे वावरतो म्हणून ते आश्रयस्थान नाही, असे दोन्हीकडून ऐकू आले, की त्या पाण्याच्या बाजूने बोलायला जागाच उरत नाही.

महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ कोणते, तर नांदूर मध्यमेश्वर. ते २०२० मध्ये जाहीर झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा घातला, त्यामागे गाळ साचत गेला, गाळावर बेटे झाली, बेटांवर गवत आले आणि पक्षी आले. भरतपूरचे केवलादेवही तसेच. नैसर्गिक खोलगट भाग होता खरा, पण त्यात पाणी टिकले ते महाराजा सूरजमल यांनी अठराव्या शतकात घातलेल्या अजान बांधामुळे, आणि पुढे संस्थानिकांनी पाट आणि बांध वाढवले ते बदकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, असे तिथल्या दगडी फलकावर कोरलेले आहे. तेच पाणी पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये म्हशींची चराई अचानक बंद केली. गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर जे घडले त्याची अपेक्षा भल्याभल्यांनी केली नव्हती. म्हशी गेल्या आणि पाणगवत माजले. उथळ पाणी गवताने भरून गेले, बदकांना उतरायला मोकळी जागा राहिना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दीर्घकाळ अभ्यास केला आणि चराईमुळे ते पाणी मोकळे राहत होते, हे मांडले. सलीम अलींसारख्या माणसाने ज्या जागेसाठी जिवाचे रान केले, त्या जागेचा हा अनुभव आहे. २००२ नंतर सायबेरियन क्रौंच तिथे आले नाहीत, पण ती गोष्ट त्यांच्या वाटेवरील हजारो मैलांची आहे, ती म्हशींच्या माथी मारता येणार नाही.

आपल्याकडे म्हशींच्या जागी तुडुमाचा माणूस होता.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारांच्या जुलमाच्या कथा मी आजोळी ऐकल्या आहेत, त्यामुळे ती पद्धत गेली याचे मला यत्किंचित दुःख नाही. पण जमिनीबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि तलावाची कामे गावाकडे कोणत्या हक्काने राहणार, हा प्रश्न लोंबकळत राहिला. पूर्वी पावसाळ्यापूर्वी घरटी एक माणूस पाळीवर जाऊन माती टाकत असे, गाळ काढून बांध्यांत नेत असे, सलंगाचे दगड बसवत असे. आता पाणीपट्टी आली, मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांना मिळू लागले. पाळीवर बेशरम वाढली. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील वनस्पती पाण्यातही जगते आणि कोरड्यातही, जनावर तिला तोंड लावत नाही, आणि एकदा काठ धरला की पाणवनस्पतींना ती जागा देत नाही. उत्पन्न वाढावे म्हणून कतला, रोहू, मृगळ यांचे बोटुकले आणि त्याबरोबर गवत्या माशाचेही बीज तलावात आले. गवत्या माशाने तळाची वनस्पती फस्त केली. तळ उघडा पडला, स्थानिक मासे कमी झाले, आणि पाणवनस्पतींवर आणि त्यांतील किड्यांवर जगणारी बदकेही ओसरली. ज्याला दिवसभर पाण्यात हात घालावा लागतो त्या ढिवराला हे सर्वांत आधी कळले. कागदावर ते यायला फार वर्षे लागली.

या अंधारात एक काम मला अतिशय मोलाचे वाटते. अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर समाजातील माणसांनी, विशेषतः बायकांनी, फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट या संस्थेच्या साथीने काही तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. उन्हाळ्यात पाणी उतरले, की बेशरम मुळासकट खणून काढायची, तळाची जमीन नांगरून भुसभुशीत करायची, दुसऱ्या चांगल्या तलावांतून पाणवनस्पतींची रोपे आणून पहिल्या पावसात लावायची. धानाची रोवणी जिला येते, तिला हे वेगळे शिकवावे लागत नाही. गुडघाभर चिखलात वाकून, डाव्या हातात रोपांची पेंडी आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप खाली दाबत मागे मागे सरकायचे, हीच ती रीत. कोणती वनस्पती कोणत्या खोलीला लागते, कोणत्या मुळाशी मासा अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक होते. विचारणारा मात्र आजवर कोणी आला नव्हता. वनस्पती रुजल्या, की मासे वाढले, आणि मासे-किडे वाढले, की पक्षीही परतू लागले. बायकांना मासळीतून मिळकत हवी होती आणि ती त्यांना मिळणे हेच योग्य आहे. पक्षी त्या मिळकतीच्या पाठोपाठ आले, आणि माझ्या लेखी त्यात काहीही उणे नाही.

सारसाचे तर सगळे आयुष्यच शेतकऱ्याच्या भरवशावर आहे. माणसाइतक्या उंचीचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, महाराष्ट्रात आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि थोडा भंडाऱ्यात उरला आहे. पलीकडे बालाघाट जिल्ह्यात त्याचे भाईबंद आहेत आणि मध्ये वैनगंगा-बाघ नद्यांची खोरी. महाराष्ट्राच्या बाजूला अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या तीस-चाळीसच्या आसपास राहिली आहे. गोंदियातील सेवा ही संस्था आणि वन विभाग दर उन्हाळ्यात त्यांची गणना करतात, गावोगावचे शेतकरी पहाटे त्यात सामील होतात. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. विजेच्या तारांना धडकून आणि विषारी औषधांनी सारस मेले आहेत, घरट्यांच्या जागा गेल्या आहेत. पण परसवाड्याच्या बाजूला उभ्या धानात सारसाचे घरटे आहे म्हणून ज्या शेतकऱ्याने तेवढा तुकडा कापणीला मागे ठेवला, तो कोणत्याही आदेशाच्या आधी तसे वागला होता. सारस देवधान खातो, कंद उकरतो, उभे पीकही तुडवतो. जोडी मिळून मान वर करून साद घालते तेव्हा तो आवाज बांध्यांवरून गावापर्यंत जातो, आणि ज्यांचे धान तुडवले गेले त्याच घरची माणसे तो ऐकायला दारात येऊन उभी राहतात, हे मी पाहिलेले आहे.

आमच्याजवळची अशी जागा म्हणजे उमरेड रस्त्यावरचे पारडगाव. दर हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते येतात. त्यांच्यापैकी काहींच्या पाठीवर बसवलेल्या यंत्रांनी सात हजार मीटरहून अधिक उंचीची नोंद केली आहे. दिवसा ते पाण्यावर किंवा काठाच्या गवतावर विसावतात आणि संध्याकाळ कलली, की चरायला शेतांकडे निघतात. उतरत्या पाण्यामागे गाळपेरात लावलेला कोवळा हरभरा आणि गहू त्यांना फार आवडतो. या हिवाळ्यात पाळीवर एक शेतकरी भेटला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. "पाखरू देखनं हाये साहेब, मी बी पाहतो, पन हरभरा माहा हाये," तो म्हणाला. मी त्याला विचारले, की त्याच्या वडिलांच्या वेळी हे पक्षी एवढेच येत होते का. तेव्हा पाणी जास्त मागे हटत असे, म्हणून चराईला गवत जास्त उघडे पडत असे आणि पाखरे शेतात कमी येत, असे त्याने सांगितले. आता तुडूम नीट चालत नाही, गाळ साचून काठ उंच झाला, पाणी जिथल्या तिथे अडून राहते आणि मग बिनकामाचे सुकते. हंस हरभऱ्यात का शिरतात, याचे इतके सरळ कारण मला कोणत्याही पक्षीनिरीक्षकाकडून मिळाले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या नोंदवहीत पक्ष्यांच्या नावांशेजारी मी आणखी रकाने आखले आहेत. तुडूम चालते का, गाळ शेवटचा कधी काढला, बेशरम कुठवर आली, ठेका कोणाकडे आहे, पाणी कोण सोडतो. शेवटच्या रकान्यात अनेक गावांत एकमेकांशी न जुळणारी उत्तरे येतात, आणि त्यातून मला तलावाची अवस्था पक्ष्यांच्या आकड्यांपेक्षा लवकर कळते.

त्या शेतकऱ्याने मला विचारले, की ही पाखरे जाणार कधी. मार्चपर्यंत निघतील, असे मी सांगितले. तोवर आपला हरभराही निघालेला असतो, असे तो म्हणाला. मग पुढच्या वर्षी पेरा पाण्यापासून दोन ओळी मागे घ्यावा आणि मधली पट्टी त्यांना गवतासाठी सोडावी, की रात्री आळीपाळीने राखणीला बसावे, याचा हिशेब तो सोबतच्या भावाशी करू लागला. भाऊ राखणीच्या बाजूचा होता. पट्टी सोडली तर तेवढ्या हरभऱ्याचे कोण देणार, असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि दोघांचे एकमत अजून व्हायचे होते.